संगणक पुन्हा पुन्हा ओळख का विचारतो?

संगणक आता गावोगाव पोचला आहे. बचतगटाचा हिशेब त्यावर असतो. दूध संस्थेची पावती त्यावरून निघते. वाचनालयातल्या पुस्तकांची यादी त्यावर असते. सातबाराचा उतारा, विजेचे बिल, मुलांचे अर्ज, ही कामेही त्यावरच होतात. एके काळी कपाटातली चोपडी जपावी लागे. आता संगणक जपावा लागतो.

असा हा संगणक आपण एखाद्या दिवशी सुरू करतो. आदल्या रात्री त्यात काहीतरी 'अपडेट' झालेले असते. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट येते. तिच्यात इंग्रजीत लिहिलेले असते, 'वी नीड टू फिक्स युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. म्हणजे, तुमचे मायक्रोसॉफ्टचे खाते दुरुस्त करायला हवे. पुढे असेही म्हटलेले असते की, बहुधा तुमचा पासवर्ड बदलला आहे.

आपण म्हणतो, "अहो, आम्ही तर काहीच बदललं नाही!" चौकट मिटवावी, तर थोड्या वेळाने ती पुन्हा हजर. उद्या परत तेच. मग मनात नाना शंका येतात. कोणी आपले खाते चोरले काय? संगणक बिघडला काय? हिशेब गेला काय?

अशा वेळी घाबरून माणूस दोन चुका करतो. एक तर संगणक उचलून कोणाकडे तरी नेतो आणि सांगतो, "सगळं पुसून नवं टाका." त्यात वर्षानुवर्षांचा हिशेब पुसला जातो. नाहीतर तो पडद्यावर दिसणाऱ्या भलत्याच नंबरावर फोन करतो आणि पैसे गमावून बसतो. खरे पाहता ही चौकट बहुतेक वेळा साधी असते. ती का येते आणि कशी घालवावी, हे आपण नीट समजून घेऊ.

खाते म्हणजे काय?

आपण बँकेत खाते उघडतो. बँक आपले नाव, सही आणि फोटो ठेवून घेते. मायक्रोसॉफ्टचे खाते तसेच असते. तिथे आपला ई-मेलचा पत्ता, पासवर्ड आणि मोबाइल नंबर नोंदलेला असतो. विंडोज ही संगणक चालवणारी मूळ व्यवस्था आहे. ती मायक्रोसॉफ्ट या कंपनीने बनवली आहे. म्हणून विंडोजच्या संगणकावर हे खाते वापरतात. आपले फोटो व कागद दूरच्या साठवणीत ठेवणे, एका संगणकावरचे काम दुसऱ्यावर पाहणे, अशा सोयी या खात्यामुळे मिळतात.

पासवर्ड म्हणजे या खात्याची किल्ली. पण आपण रोज पासवर्ड घालतो का? नाही. मग संगणक आपल्याला रोज कसा ओळखतो?

एसटीचा पास

एसटीच्या मासिक पासाचे उदाहरण घ्या. पास काढताना आपण आगारात जातो. ओळखपत्र दाखवतो. तिथला माणूस कागद तपासतो आणि पासावर शिक्का मारून देतो. पुढे महिनाभर कंडक्टर ओळखपत्र मागत नाही. तो फक्त पास पाहतो. पास बरोबर असला की झाले!

संगणकाचेही असेच आहे. आपण पहिल्यांदा पासवर्ड घालतो. दूरवरचा मायक्रोसॉफ्टचा संगणक तो तपासतो. मग तो आपल्या संगणकाला एक गुप्त पास देतो. याला इंग्रजीत 'टोकन' म्हणतात. हा पास आपल्या डोळ्यांना दिसत नाही. संगणक तो आपल्या पोटात जपून ठेवतो आणि गरज पडेल तेव्हा दाखवतो.

आता हा पास नाकारला कधी जातो? त्याची चार मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण, पासवर्ड बदलला. आपण मोबाइलवरून पासवर्ड बदलला, किंवा घरातल्या मुलाने बदलला. मग जुना पास रद्द होतो. आपण विसरलेलो असतो, पण खाते विसरत नाही.

दुसरे कारण, अपडेट. अपडेट म्हणजे विंडोजची डागडुजी. पावसाळ्यापूर्वी आपण कौले शाकारतो, तशी ही दुरुस्ती असते. २००३ सालापासून मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी या दुरुस्त्या देण्याचा प्रघात पाडला आहे. अमेरिकेतला हा मंगळवार आपल्याकडे येईतो रात्र झालेली असते. म्हणून पुष्कळदा बुधवारी सकाळी आपला संगणक 'थांबा, काम चालू आहे' असे सांगतो. मोठी डागडुजी झाली की काही जुने पास पुन्हा तपासावे लागतात. कंडक्टर बदलला की तो ओळखीच्या प्रवाशालाही पास विचारतो, तसेच हे.

तिसरे कारण, घड्याळ. संगणकाची तारीख चुकली, तर त्याला चालू पासही मुदत संपलेला वाटतो. कंडक्टरकडचे कॅलेंडरच चुकीचे असले, तर तो बिचारा काय करणार?

चौथे कारण, जुने खाते. आधीच्या सचिवाचे, नोकरीचे किंवा शाळेचे खाते संगणकात तसेच राहिलेले असते. ते आता बंद असते. पण संगणक त्याचाही पास दाखवत राहतो, आणि दर वेळी "चालणार नाही" असे उत्तर घेऊन परत येतो.

पिन वेगळा, पासवर्ड वेगळा

इथे पुष्कळांचा घोटाळा होतो. संगणक उघडताना आपण चार किंवा सहा आकडे घालतो. तो पिन. पिन फक्त त्या एका संगणकापुरता असतो. पासवर्ड मात्र खात्याचा असतो. तो कोणत्याही संगणकावरून चालतो.

रोज पिन घालून घालून माणूस पासवर्ड विसरून जातो. मग चौकट पासवर्ड मागते आणि आपण पिन घालतो. संगणक म्हणतो, "चूक." आपण चिडतो. पण चूक संगणकाची नसते. घराच्या कुलपाची किल्ली बँकेच्या तिजोरीला कशी लागेल?

आधी तीन सोप्या गोष्टी

चौकट आली की लगेच काही मोठे करू नका. आधी या तीन गोष्टी पाहा.

१. संगणक एकदा 'रीस्टार्ट' करा. अपडेटचे काम कधी कधी अर्धे राहिलेले असते. रीस्टार्ट केल्यावर ते पुरे होते.

२. इंटरनेट चालू आहे का ते पाहा. पास तपासायला संगणकाला दूरवर विचारावे लागते. वाटच बंद असेल, तर उत्तर कुठून येणार?

३. तारीख आणि वेळ पाहा. साल नीट वाचा. तास-मिनिटे बरोबर असतात आणि साल चुकलेले असते, असेही होते. 'सेटिंग्ज' उघडा. कीबोर्डवरचे विंडोजचे चिन्ह असलेले बटण दाबून धरा आणि 'आय' हे अक्षर दाबा. सेटिंग्ज उघडेल. त्यात 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये जा. 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' हे चालू ठेवा. 'टाइम झोन' मध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावे असलेली ओळ निवडा. तीच आपली भारताची वेळ. मग 'सिंक नाऊ' दाबा.

वीज गेली की दर वेळी तारीख मागे जात असेल, तर संगणकातली लहान बॅटरी संपली असे समजावे. मेजावरच्या संगणकात ती नाण्यासारखी गोल आणि चपटी असते. बहुतेक ठिकाणी 'सीआर २०३२' या नावाची असते. ती बदलून घ्यावी. तेवढ्यासाठी संगणक पुसून घेण्याचे काहीच कारण नाही.

मग ओळख पटवा

एवढे करूनही चौकट येत असेल, तर संगणकाला आपली ओळख पुन्हा पटवून द्यावी. 'सेटिंग्ज' मध्ये 'अकाउंट्स' असे लिहिलेले असते. ते दाबा. त्यात 'युअर इन्फो' दाबा. तिथे आपले नाव आणि ई-मेल दिसेल. जवळपास 'व्हेरिफाय' असा शब्द दिसला, तर तो दाबा. व्हेरिफाय म्हणजे खात्री करणे. संगणक पासवर्ड विचारेल. इथे पिन नाही, पासवर्ड घाला. मोबाइलवर किंवा ई-मेलवर काही आकडे येतील. ते या चौकटीतच भरा.

पुष्कळांचे काम इथेच होते. नवा पास मिळतो आणि चौकट जाते.

तरी गेली नाही, तर आणखी एक जागा पाहावी. विंडोजमध्ये एक सोय आहे. एका यंत्रावर सुरू केलेले काम दुसऱ्या यंत्रावर पुढे चालू ठेवता येते. पुष्कळदा ही सोयच पास मागत असते. विंडोज १० मध्ये 'सिस्टिम' मध्ये जाऊन 'शेअर्ड एक्स्पीरिअन्सेस' पाहा. तिथे 'फिक्स नाऊ' असे बटण असेल, तर ते दाबून पासवर्ड घाला. विंडोज ११ मध्ये 'अ‍ॅप्स' मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅप सेटिंग्ज' आणि त्यात 'शेअर अक्रॉस डिव्हायसेस' शोधा. आवृत्तीप्रमाणे हे नाव थोडे मागेपुढे असते. आपण एकच संगणक वापरत असू, तर ही सोय सरळ बंद करावी. तिच्यावाचून आपले काही अडत नाही. हिशेबाला, पत्राला, छपाईला तिची गरज नसते.

जुनी खाती काढून टाका

'अकाउंट्स' मध्येच 'ईमेल अँड अकाउंट्स' आणि 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल' अशा दोन जागा आहेत. काही आवृत्त्यांत नावात थोडा फरक असतो. तिथे कोणाकोणाची खाती आहेत ते वाचा. ज्याचा आता संबंध नाही, असे खाते दिसले तर ते 'रिमूव्ह' किंवा 'डिस्कनेक्ट' करता येते.

पण थांबा. संगणक संस्थेचा किंवा शाळेचा असेल, तर संस्थेला विचारल्यावाचून तिचे खाते काढू नका. संस्थेच्या खात्यामुळेच संगणकातली काही कामे चालत असतात. घाईने काढले, तर दुसऱ्या दिवशी कामच बंद पडते. विचारून केलेले काम कधीही बरे.

शेवटचा उपाय

इतके सगळे करूनही चौकट येतच राहिली, तर एक उपाय उरतो. खाते थोडा वेळ संगणकापासून सोडवायचे आणि पुन्हा जोडायचे. बैलाच्या मानेवर जू नीट बसले नाही, तर आपण ते सोडून पुन्हा घालतो. त्यातलाच हा प्रकार. मात्र त्याआधी तीन कामे केलीच पाहिजेत.

एक, महत्त्वाचे कागद आणि हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. खाते सोडवल्याने हे कागद पुसले जात नाहीत. तरी एक प्रत बाहेर असावी, हा शहाणपणा आहे.

दोन, आपल्याला पासवर्ड नक्की माहीत आहे ना, ते पाहा. मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून खाते उघडून बघा. उघडले, तरच पुढे जा.

तीन, संगणकाला आतून कुलूप लावलेले असू शकते. त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' म्हणतात. त्याची एक किल्ली असते. ती ४८ आकड्यांची असते. ती पुष्कळदा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यातच ठेवलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या. आकडे दोनदा ताडून पाहा. पुढे कधी संगणकाने ही किल्ली मागितली आणि ती जवळ नसली, तर आतला हिशेब हाती लागत नाही. कंपनीलाही ती नव्याने करून देता येत नाही.

आता 'युअर इन्फो' मध्ये जा. 'साइन इन विथ अ लोकल अकाउंट इन्स्टेड' हे दाबा. लोकल अकाउंट म्हणजे या यंत्रापुरते खाते. संगणक एक नवे नाव आणि पासवर्ड विचारेल. ते भरा आणि वहीत लिहा. संगणक बाहेर पडेल. पुन्हा आत या. परत त्याच जागी जाऊन 'साइन इन विथ अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट इन्स्टेड' दाबा. आपला ई-मेल आणि पासवर्ड घाला. झाले! नवा कोरा पास मिळाला.

आणि कोणाला मायक्रोसॉफ्टच्या खात्याच्या सोयी नकोच असतील, तर यंत्रापुरते खातेही चालते. मग संगणक फुकटचा पास दाखवत बसत नाही. मात्र मग दूरच्या साठवणीत कागद आपोआप जाणार नाहीत. आपली प्रत आपणच ठेवावी लागेल.

पासवर्ड आठवतच नसेल तर?

मग 'फरगॉट पासवर्ड' दाबावे लागते. मायक्रोसॉफ्ट आपल्या नोंदलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ई-मेलवर आकडे पाठवते. इथे खरी अडचण येते. नोंदलेला मोबाइल नंबर जुना असतो. ते सिम कधीच बंद पडलेले असते. मग आकडे कुठे येणार?

नोंदलेली सगळी माहिती एकदम बदलायची झाली, तर मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबायला लावते. चोराने परस्पर खाते आपल्या नावावर करू नये, म्हणून हा नियम आहे. पण आपले काम मात्र महिनाभर खोळंबते. म्हणून मोबाइल नंबर बदलला की, जुना बंद होण्याआधी खात्यात नवा नोंदवा. शक्य तर दोन वाटा ठेवा. एक मोबाइलची आणि एक दुसऱ्या ई-मेलची. बचतगटाचे खाते असेल, तर कोणाचा नंबर नोंदला आहे ते सभेत सर्वांना माहीत असावे. सचिव बदलली की नंबरही बदलावा.

खरी चौकट आणि खोटी चौकट

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खऱ्या चौकटीसारखी खोटी चौकटही असते. ठग लोक ती पाठवतात. दोन्हींतला फरक ओळखायला शिका.

खरी चौकट कोपऱ्यात येते आणि सेटिंग्जमध्ये नेते. खोटी चौकट बहुधा इंटरनेटवरचे एखादे पान पाहताना येते. ती सगळा पडदा व्यापते. भोंगा वाजवते. "तुमचा संगणक बंद पडेल, ताबडतोब या नंबरावर फोन करा" असे सांगते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की समजा, हा ठग आहे.

अशा वेळी फोन करू नका. 'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एस्केप' ही तीन बटणे एकदम दाबा. चालू कामांची यादी दिसेल. त्यातले इंटरनेट पाहण्याचे काम निवडून बंद करा. तेही जमले नाही, तर संगणक सरळ बंद करा.

कोणी फोनवर "आम्ही कंपनीतून बोलतोय, एक अ‍ॅप टाका, मी इथून दुरुस्त करतो" असे म्हणाले, तर ते ऐकू नका. त्या अ‍ॅपने तो तुमचा संगणक आपल्या हाती घेतो. तुमच्या डोळ्यांसमोर बँकेचे पैसे काढतो. मोबाइलवर आलेले आकडे कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

कधी कधी खरी चौकटही खऱ्या चोरीमुळे येते. तुमचा पासवर्ड दुसऱ्याने बदललेला असू शकतो. म्हणून आपल्या खात्याच्या पानावर 'रीसेंट अ‍ॅक्टिव्हिटी' पाहावी. कोठून आणि कधी खाते उघडले गेले, ते तिथे लिहिलेले असते. आपण कधी न गेलेल्या गावाहून किंवा देशातून कोणी आत शिरलेले दिसले, तर लगेच पासवर्ड बदला.

अपडेट बंदच करून टाकावे काय?

काही जण म्हणतात, "अपडेटमुळेच ही कटकट. तेच बंद करू." हे बरोबर नाही. अपडेटने चोरवाटा बुजतात. चौकटीचा त्रास दहा मिनिटांचा असतो. चोरवाट उघडी राहिली, तर सगळे घर धुऊन जाते.

विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली. तिची नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. वेगळी नोंदणी करणाऱ्यांनाच पुढे काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची सोय ठेवली गेली. विंडोज ११ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. आपल्या संगणकात कोणती आवृत्ती आहे, ते 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'अबाउट' इथे वाचता येते. जुनी असेल, तर नवी चालेल का हे जाणकाराला विचारून ठेवावे.

लक्षात ठेवा

१. चौकट आली म्हणून हिशेब गेला, असे नाही.
२. आधी रीस्टार्ट, मग इंटरनेट, मग तारीख.
३. पिन संगणकाचा, पासवर्ड खात्याचा.
४. फोन नंबर दाखवणारा इशारा खोटा.
५. मोबाइल नंबर बदलला की खात्यातही बदला.
६. हिशेबाची एक प्रत नेहमी संगणकाबाहेर ठेवा.
७. सगळे पुसून टाकणे हा पहिला उपाय नव्हे.

सांगा पाहू

१. एसटीचा पास आणि संगणकाचा गुप्त पास यांत कोणते साम्य आहे?
२. तारीख चुकली तर संगणक ओळख का विचारतो?
३. तुमच्या गटाच्या खात्यात कोणाचा मोबाइल नंबर नोंदला आहे? तो आज चालू आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकात नाही. ते पुढच्या सभेत विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा.